क्लाउडवरील ईमेल आणि फाइलींचा बॅकअप : संस्थांसाठी नियोजन

संस्थेचे ईमेल आणि फाइली मायक्रोसॉफ्ट ३६५ किंवा गूगल वर्कस्पेस यांसारख्या भाड्याच्या सेवेवर असतात, तेव्हा त्यांची स्वतंत्र ताब्यातली प्रत कुठे, किती वेळाने, किती काळासाठी आणि कोणाच्या अधिकारात ठेवायची हे आधी ठरवावे लागते. या कामाला क्लाउड बॅकअपचे नियोजन म्हणतात. यात ‘स्वतंत्र ताबा’ सर्वांत महत्त्वाचा. ज्या लॉगिनने मूळ डेटा पुसता येतो त्याच लॉगिनने प्रतही पुसता येत असेल, तर प्रती कितीही असल्या तरी बॅकअप नाही असेच धरावे.

कंपनी काय सांभाळते, काय नाही

क्लाउड कंपन्या एकाच मेलबॉक्सच्या अनेक प्रती वेगवेगळ्या यंत्रांवर ठेवतात. त्यामुळे एखादी डिस्क जळाली तर ग्राहकाला त्याचा पत्ताही लागत नाही. पण कर्मचाऱ्याने फोल्डर डिलीट केला, तर तो या सगळ्या प्रतींतून तितक्याच तत्परतेने नाहीसा होतो. लॅपटॉपवर रॅन्समवेअर (फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारे सॉफ्टवेअर) आले तर कुलूपबंद झालेल्या फाइली आपोआप जुळवणीत (सिंक) वनड्राइव्ह या मायक्रोसॉफ्टच्या फाइलसेवेवरही पोहोचतात. मायक्रोसॉफ्टच्या वैयक्तिक ग्राहकांसाठीच्या सेवा करारातच आपल्या मजकुराचा नियमित बॅकअप घ्यावा अशी शिफारस आहे. संस्थांनी ती अधिकच मनावर घ्यायला हवी.

चुकून पुसलेले परत मिळवायला मुदत असते, पण ती बहुतेकांना वाटते त्यापेक्षा बरीच आखूड आहे. मायक्रोसॉफ्टच्या एक्सचेंज ऑनलाइन या मेलसेवेत ‘डिलीटेड आयटम्स’मधूनही काढलेला मेल मूळ सेटिंगनुसार १४ दिवस परत आणता येतो, ॲडमिनने (सेवेची व्यवस्था पाहणाऱ्याने) वाढवल्यास ३० दिवस. शेअरपॉइंट (मायक्रोसॉफ्टची सामायिक फाइलींची सेवा) आणि वनड्राइव्हच्या रीसायकल बिनमध्ये फाइल ९३ दिवस राहते. जीमेलच्या ट्रॅशमध्ये मेल ३० दिवस असतो आणि त्यानंतर ॲडमिनच्या हातात आणखी २५ दिवस असतात. वर्कस्पेसमधले डिलीट केलेले खाते २० दिवसांच्या आत परत आणावे लागते, मायक्रोसॉफ्टमधले ३० दिवसांच्या आत. अडचण येते ती नोकरी सोडून गेलेल्या माणसाच्या बाबतीत. पैसे वाचवायला त्याचे लायसन्स लगेच काढले जाते, खाते बंद होते, आणि सहा महिन्यांनी ऑडिटर एखाद्या पुरवठादाराशी झालेला जुना पत्रव्यवहार मागतो. तो पत्रव्यवहार त्या एकाच मेलबॉक्समध्ये असेल तर तो कायमचा गेलेला असतो.

गूगल व्हॉल्ट किंवा मायक्रोसॉफ्टची रिटेन्शन धोरणे (मजकूर किती काळ ठेवायचा आणि कधी पुसायचा याचे नियम) ही कायदेशीर चौकशीसाठी मजकूर जपून ठेवण्याची साधने आहेत. त्यांतून शोध घेता येतो, पण अख्खा मेलबॉक्स किंवा फोल्डरांची रचना जशीच्या तशी जागेवर बसवणे हे त्यांचे काम नाही. शिवाय धोरण बदलणारा हात ॲडमिनचाच असतो. २०२० च्या ऑगस्टमध्ये केपीएमजी या जागतिक सल्लागार कंपनीत टीम्स या मायक्रोसॉफ्टच्या संवादसेवेचे रिटेन्शन धोरण एका खात्याऐवजी सगळ्यांना लागू झाले आणि सुमारे १,४५,००० जणांचे खासगी चॅट पुसले गेले. ते परत आणता आले नाहीत.

घडलेल्या घटनांतून दिसणारे

२०११ च्या फेब्रुवारी अखेरीस स्टोरेज सॉफ्टवेअरमधल्या दोषामुळे जीमेलच्या काही वापरकर्त्यांना आपले मेलबॉक्स रिकामे दिसू लागले. गूगलच्या म्हणण्यानुसार हे प्रमाण ०.०२ टक्के होते. डेटा सेंटरांतल्या सगळ्या प्रतींवर तोच दोष पोहोचला होता. मेल परत आले ते बॅकअपच्या चुंबकीय टेपवरून. त्या टेप नेटवर्कपासून अलग होत्या, म्हणूनच वाचल्या. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्सच्या स्ट्रासबूर्ग शहरात ओव्हीएचक्लाउडच्या डेटा सेंटरला आग लागून एक इमारत पूर्ण जळाली. ज्या ग्राहकांचे बॅकअपही त्याच आवारात होते त्यांचे दोन्ही एकदमच गेले. २०२४ च्या मे महिन्यात ऑस्ट्रेलियातील युनिसुपर या सहा लाखांहून अधिक सदस्यांच्या निवृत्तिवेतन निधीची गूगल क्लाउडवरील खासगी यंत्रणा पुसली गेली. ती उभारताना एक रकाना रिकामा राहिला होता आणि त्यामुळे तिला एक वर्षाची मुदत लागली होती. तिथे प्रश्न मेलचा नव्हता, सर्व्हरांचा होता, पण सावरताना दुसऱ्या कंपनीकडे ठेवलेल्या प्रती कामी आल्या.

या विषयात सर्वाधिक शिकण्यासारखी घटना दक्षिण कोरियातली. २६ सप्टेंबर २०२५ रोजी देजॉन येथील सरकारी डेटा सेंटरमध्ये लिथियम बॅटऱ्यांना आग लागली आणि ‘जी-ड्राइव्ह’ ही सरकारी कर्मचाऱ्यांची फाइलसेवा ८५८ टेराबाइट डेटासह जळाली. साठा अवाढव्य असल्यामुळे तिचा बाहेर बॅकअप घेतला जात नव्हता. सर्वाधिक फटका कार्मिक व्यवस्थापन मंत्रालयाला बसला, कारण फाइली आपल्या संगणकावर न ठेवता जी-ड्राइव्हवरच ठेवाव्यात असा तिथे दंडक होता. नियम पाळणाऱ्यांचेच सर्वाधिक नुकसान झाले. सगळ्याची प्रत ठेवता येत नसेल, तर कशाची ठेवायची हे आग लागण्यापूर्वीच ठरलेले असायला हवे.

नियोजन

पहिले काम मोजदादीचे. मेलबॉक्स डोळ्यांसमोर असतात, पण टीम्सचा डेटा विखुरलेला असतो : चॅनेलमधल्या फाइली शेअरपॉइंटवर, खासगी चॅटमध्ये पाठवलेल्या फाइली पाठवणाऱ्याच्या वनड्राइव्हवर, आणि संदेशांच्या प्रती मेलबॉक्सच्या दडलेल्या फोल्डरांत. गूगल डॉक्स आणि शीट्स या नेहमीच्या अर्थाने फाइली नसतातच. बॅकअप सॉफ्टवेअर त्यांचे बहुधा वर्ड-एक्सेल स्वरूपात रूपांतर करते. परत आणताना टिपणी, जुन्या आवृत्त्या आणि कोणाकोणाला शेअर केले आहे ती माहिती टिकते का, हे उत्पादन विकत घेण्यापूर्वी स्वतः करून पाहावे. विक्रेत्याच्या माहितीपत्रकावर विसंबू नये.

त्यानंतर दोन प्रश्न येतात. किती तासांचे काम गमावले तर चालेल, आणि किती वेळात पुन्हा काम सुरू झाले पाहिजे? पहिल्याच्या उत्तरावरून बॅकअप दिवसातून एकदा घ्यायचा की दर काही तासांनी, ते ठरते. दुसऱ्याचे उत्तर मात्र इंटरनेट लाइन देते, आणि इथेच बहुतेक आराखडे कोलमडतात. २०० कर्मचाऱ्यांचे प्रत्येकी १०० जीबी धरले तर २० टेराबाइट होतात. १०० एमबीपीएसची लाइन रात्रंदिवस पूर्ण क्षमतेने वापरली तरी एवढा डेटा एका दिशेने न्यायला साडेअठरा दिवस लागतात. शिवाय बॅकअप सॉफ्टवेअर ज्या मार्गाने डेटाची ने-आण करते त्या एपीआयवर सेवा कंपन्या वेगमर्यादा लावतात. म्हणून सगळे एकदम परत आणण्याचे स्वप्न सोडून क्रम लावावा : आधी लेखाविभाग, ग्राहकांशी पत्रव्यवहार करणारे आणि संचालक, जुने प्रकल्प नंतर.

जागेसाठी ३-२-१ हा नियम रूढ आहे : तीन प्रती, दोन प्रकारची माध्यमे, एक प्रत दुसऱ्या ठिकाणी. अमेरिकी छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी तो लोकप्रिय केला. मध्यम संस्थेसाठी व्यवहार्य मांडणी अशी, की कार्यालयात एक नास (नेटवर्कला जोडलेली साठवणुकीची पेटी) आणि दुसऱ्या शहरात दुसऱ्या क्लाउड कंपनीकडे बदलता न येणारी एक प्रत. अशा प्रतीला ठरलेल्या मुदतीपर्यंत कोणीही हात लावू शकत नाही. ॲमेझॉनच्या एस३ या साठवणसेवेतील ऑब्जेक्ट लॉक या सोयीचा ‘कम्प्लायन्स’ मोड लावला तर खात्याच्या मुख्य लॉगिनलाही ती पुसता येत नाही. मायक्रोसॉफ्टचा मध्य भारत विभाग पुण्यात आहे. तिथल्या मूळ डेटाची दूरची प्रत चेन्नई किंवा हैदराबादला ठेवणे शहाणपणाचे. मुंबईत कार्यालय असेल तर नास तळघरात ठेवू नये. पावसाळ्यात पाणी आधी तिथेच शिरते.

बॅकअप सर्व्हर संस्थेच्या रोजच्या डोमेनमध्ये (सगळ्या संगणकांच्या सामाईक लॉगिन व्यवस्थेत) जोडू नये. त्याचे ॲडमिन खाते वेगळे, दुहेरी पडताळणीचे आणि शक्यतो वेगळ्या माणसाकडे असावे. एन्क्रिप्शनची (बॅकअप सांकेतिक रूपात बंद करण्याची) किल्ली कागदावर छापून तिजोरीत ठेवावी. ती फक्त मेलमध्ये असेल, तर मेल बंद पडल्यावर बॅकअप उघडताच येणार नाही.

सॉफ्टवेअरची निवड तुलनेने सोपी आहे. वीम आणि सिनॉलॉजीची साधने स्वतःच्या यंत्रावर चालतात. २००८ मध्ये पुण्यात सुरू झालेल्या ड्रुवाची सेवा क्लाउडवरच असते. मायक्रोसॉफ्टने २०२४ मध्ये स्वतःची बॅकअप सेवाही आणली. तिचा रिस्टोअर (डेटा परत आणणे) वेगवान आहे, पण प्रत मायक्रोसॉफ्टच्याच ताब्यात राहते. पहिली प्रत म्हणून ती उत्तम, एकमेव प्रत म्हणून नव्हे.

भारतातील कायदे

कंपनी (लेखे) नियमांत ऑगस्ट २०२२ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार इलेक्ट्रॉनिक हिशेबवह्यांचा बॅकअप भारतातील सर्व्हरवर दररोज घेणे बंधनकारक आहे, आणि कंपनी कायद्यानुसार हिशेबवह्या आठ वर्षे जपाव्या लागतात. नियम हिशेबवह्यांचा असला तरी बिले आणि व्हाउचर आज मेलच्या अटॅचमेंटमध्येच पडून असतात, हे विसरू नये. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाच्या नोव्हेंबर २०२५ च्या नियमांत सुरक्षेच्या उपायांमध्ये बॅकअपचा उल्लेख आहे. त्याच कायद्याखाली हेतू संपल्यावर वैयक्तिक माहिती पुसण्याची तरतूद आहे, म्हणून ‘सगळे कायमचे ठेवू’ हेही धोरण चालत नाही. प्रत्येक प्रकारच्या डेटाची मुदत लेखी ठरवावी लागते.

रिस्टोअरची चाचणी

बॅकअप यशस्वी झाल्याचा हिरवा शेरा रोज येतो. त्यावरून रिस्टोअर होईलच असे म्हणता येत नाही. दर तिमाहीत एक मेलबॉक्स, एक शेअर केलेला फोल्डर आणि नोकरी सोडून गेलेल्या एका कर्मचाऱ्याचे खाते रिकाम्या चाचणी खात्यात परत आणावे. लागलेला वेळ, मूळ मेलांची संख्या आणि परत आलेल्यांची संख्या नोंदवावी. अटॅचमेंट उघडून पाहाव्यात. ही चाचणी बॅकअप बसवणाऱ्याने न करता त्याच्या सहकाऱ्याने, केवळ लिहिलेल्या सूचना वाचून करावी. तो जिथे अडेल तिथे सूचना सुधाराव्यात आणि नोंदीवर आयटी प्रमुखाबरोबर डेटा ज्या विभागाचा आहे त्याच्या प्रमुखाचीही सही घ्यावी.