वेग तोच, चढ निराळा

हृदयरोगतज्ज्ञ ट्रेडमिलवर जी स्ट्रेस टेस्ट घेतात, तिची सुरुवात पाहून अनेकांना नवल वाटतं. छातीवर तारा चिकटवलेल्या असतात, मनात धाकधूक असते, आणि पट्टा सुरू होतो तो ताशी अवघ्या २.७ किलोमीटर वेगाने. रमतगमत फिरणारा माणूसही याहून जोरात चालतो. पण तो पट्टा पहिल्या क्षणापासून १० टक्के चढवलेला असतो. दर तीन मिनिटांनी वेग थोडा वाढतो, चढ दोन टक्क्यांनी वाढतो, आणि सात-आठ मिनिटांत भल्याभल्यांना धाप लागते. तीही एक पाऊल न पळता. सिॲटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या डॉ. रॉबर्ट ब्रूस यांच्या नावाने ओळखली जाणारी ही पद्धत १९६३ सालापासून जगभर वापरात आहे.

या तपासणीसाठी येणारा माणूस बहुधा तरुण खेळाडू नसतो. वय झालेलं असतं, वजन वाढलेलं असतं, गुडघे कुरकुरत असतात. त्याला पळवता येत नाही, पण हृदयाला तर कामाला लावायचं आहे. म्हणून जमीनच तिरकी करायची. वजन कमी करू पाहणाऱ्या माणसाची अडचणही नेमकी हीच असते. पळायला जावं तर गुडघे ऐकत नाहीत, आणि सपाटीवर चालावं तर तासभर चालूनही घाम फुटत नाही. ‘आता आपल्याच्याने व्यायाम होणार नाही’ असं ठरवून कितीतरी माणसं प्रयत्नच सोडून देतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं. कारण ट्रेडमिलवरचं चढाचं बटण त्यांच्यासाठीच आहे, आणि तेच सगळ्यात कमी दाबलं जातं.

आधी त्या टक्क्यांचा अर्थ. १० टक्के चढ म्हणजे १० अंशांचा कोन नव्हे. शंभर मीटर पुढे गेल्यावर दहा मीटर उंची गाठणं म्हणजे १० टक्के. अंशांत मोजलं तर जेमतेम ५.७. डोळ्यांना तो किरकोळ वाटतो. शरीराला वाटत नाही.

चालताना किती ऑक्सिजन लागतो याचा अंदाज बांधण्यासाठी अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनचं एक सूत्र वापरतात. त्यात तीन हिस्से आहेत: नुसतं जिवंत राहण्याचा, पुढे सरकण्याचा आणि वर चढण्याचा. ताशी ५ किलोमीटर वेगाने सपाटीवर चालताना शरीराच्या दर किलो वजनामागे मिनिटाला सुमारे १२ मिलिलिटर ऑक्सिजन लागतो. वेग तोच ठेवून १० टक्के चढ दिला की हा आकडा जवळपास २७ वर जातो, म्हणजे सव्वादोनपट. सपाटीवर २७ गाठायचे तर याच संस्थेच्या पळण्याच्या सूत्रानुसार ताशी ७ किलोमीटर वेगाने पळावं लागेल. हृदय आणि फुप्फुसांच्या हिशेबी चढावरचं ते चालणं आणि सपाटीवरचं हे पळणं एकाच तोलाचं आहे.

हेच दुसऱ्या मापाने पाहू. निवांत बसलेलं असताना लागणाऱ्या ऑक्सिजनला १ मेट म्हणतात. सपाटीवरचं आपलं चालणं ३.४ मेटचं, चढावरचं ७.७ मेटचं. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गवारीत ३ ते ६ मेटचा व्यायाम मध्यम, त्यापुढचा जोमदार. मध्यम व्यायाम आठवड्याला किमान १५० मिनिटं करावा, जोमदार असेल तर ७५ मिनिटंही पुरतात, असं ही संघटना सांगते. म्हणजे वेगाला हात न लावता, नुसता पट्टा तिरका करून तुम्ही एका गटातून दुसऱ्या गटात जाता.

ही जादा ऊर्जा जाते कुठे? गुरुत्वाकर्षणाविरुद्ध वजन उचलण्यात. ७० किलोचा माणूस ताशी ५ किलोमीटरने अर्धा तास चालला तर अडीच किलोमीटर पट्टा त्याच्या पायांखालून जातो. १० टक्क्यांच्या हिशेबाने त्याने २५० मीटर चढाई केली. वजन, गुरुत्व आणि उंची यांचा गुणाकार केला की सुमारे १ लाख ७१ हजार ज्यूल येतात, म्हणजे ४१ किलोकॅलरी. पण आपले स्नायू खर्च केलेल्या ऊर्जेपैकी साधारण चौथा हिस्साच कामात उतरवतात, बाकीची उष्णता होऊन जाते. चढावर घामाच्या धारा लागतात त्या म्हणूनच. ४१ ची चौपट १६४. ऑक्सिजनच्या सूत्राने चढाचा तेवढाच हिस्सा मोजला तर १५७ किलोकॅलरी येतो. एक वाट शाळेतल्या भौतिकशास्त्राची, दुसरी माणसांचे श्वास मोजून काढलेली, आणि दोन्ही इतक्या जवळ येऊन पोचतात, हे मला फार सुंदर वाटतं.

इथे एक रास्त शंका येते. ट्रेडमिलवर माणूस आहे तिथेच असतो, मग २५० मीटर चढला कुठे? पट्ट्यावर एक मुंगी बसली आहे असं समजा. तिच्या नजरेने पाहिलं तर तुम्ही अखंड वर चढत आहात. तुम्ही जेवढे चढता तेवढंच पट्टा तुम्हाला खाली आणतो, म्हणून खोलीतल्या माणसाला तुम्ही जागच्या जागी दिसता. तुमची मेहनत वायाही जात नाही, ती पट्ट्याला मिळते: ७० किलोचा माणूस या वेगात आणि या चढावर सुमारे ९५ वॅट शक्तीने पट्टा मागे-खाली ढकलत असतो, तेवढा मोटरवरचा भार हलका होतो. इंग्लंडमध्ये १८१८ च्या सुमारास विल्यम क्यूबिट या अभियंत्याने तुरुंगांसाठी पायऱ्यांचं चाक बनवलं, ते याच तत्त्वावर. कैदी पायऱ्या चढत राहायचे, चाक फिरायचं, आणि त्यावर धान्य दळलं जायचं किंवा पाणी उपसलं जायचं. १८९८ च्या कायद्याने ती क्रूर शिक्षा बंद झाली. ट्रेडमिल हे नाव मात्र तिथूनच आलं.

ही मुंगी ध्यानात ठेवली की पुढच्या दांड्याचाही उलगडा होतो. चढ १२-१५ टक्क्यांवर नेऊन, दोन्ही हातांनी दांडा घट्ट धरून, मागे रेलून चालणारी माणसं नेहमी दिसतात. मुंगीच्या नजरेतून तो दांडाही पट्ट्याच्याच वेगाने वर चालला आहे, आणि तुम्ही त्याला लोंबकळून वर खेचले जात आहात. जणू डोंगर चढताना कोणीतरी हात धरून ओढतंय. पायांचं काम दांडा करतो; यंत्राच्या पडद्यावर मात्र कॅलरी पूर्ण चढाच्याच दिसतात, कारण तुम्ही हात टेकलेत हे त्या हिशेबात धरलेलं नसतं. दांडा सोडून चालता येत नसेल तर चढ जास्त झाला आहे. तो ६ टक्क्यांवर आणा आणि हात मोकळे सोडा. तोल जाण्याची भीती असेल तर बोटं नुसती टेकवली तरी चालतील.

आता सांध्यांकडे येऊ. माझ्या मते या सगळ्यातला सर्वात मोलाचा भाग हाच आहे. पळताना प्रत्येक पावलागणिक एक क्षण असा येतो की दोन्ही पाय हवेत असतात. मग सगळं शरीर एका पायावर येऊन आदळतं, आणि त्या पायाखाली वजनाच्या दोन ते तीनपट जोर उमटतो. चालताना एक पाय कायम जमिनीवर असतो, त्यामुळे तोच जोर वजनाच्या सव्वापटीच्या आसपास राहतो. कमी आदळआपटीचा व्यायाम म्हणतात तो या अर्थाने. चढावर तर जमीन पावलाला सामोरी येते. पाऊल जेवढं खाली यायला हवं त्याच्या आधीच टेकतं. पळण्यावरच्या प्रयोगांत हे स्पष्ट मोजलं गेलं आहे. कोलोरॅडो विद्यापीठातल्या गॉटशाल आणि क्रॅम यांना २००५ मध्ये असं दिसलं, की ९ अंशांच्या चढावर पाऊल आपटण्याचा जोर सपाटीपेक्षा ३९ टक्क्यांनी घटतो आणि तेवढ्याच उतारावर ५४ टक्क्यांनी वाढतो.

उतार हा शब्द इथे कळीचा आहे. खऱ्या डोंगरावर जो चढतो त्याला उतरावंही लागतं. चढताना धाप लागते, गुडघे बोलू लागतात ते उतरताना. उतरताना मांडीचे पुढचे स्नायू ताणले जात असतानाच ब्रेक लावत असतात. दुसऱ्या दिवशीचा ठणका येतो तो या कामामुळे, आणि गुडघ्याच्या वाटीमागचा दाबही उतारावरच चढतो. ट्रेडमिलवर तुम्ही २५० मीटर चढता आणि एक मीटरही उतरत नाही. निसर्गात अशी टेकडी नाही. बंद खोलीत एका जागी चालण्याला कंटाळवाणं म्हणून नाकं मुरडणाऱ्यांनी एवढी एक गोष्ट जरूर विचारात घ्यावी.

स्थूल माणसांच्या बाबतीत हे थेट तपासूनही पाहिलं आहे. कोलोरॅडो स्टेट विद्यापीठातल्या रे ब्राउनिंग यांच्या गटाने २०११ मध्ये स्थूल प्रौढांना वेगवेगळ्या वेगांत आणि चढांवर चालवून त्यांच्या सांध्यांवरचा भार मोजला. सेकंदाला पाऊण मीटर वेगाने ६ अंशांचा चढ चालताना गुडघ्यावरचा भार सपाटीवर दुप्पट वेगाने चालण्यापेक्षा कमी भरला, आणि हृदयाला मात्र पुरेसा व्यायाम मिळाला. सेकंदाला पाऊण मीटर म्हणजे ताशी २.७ किलोमीटर, ६ अंश म्हणजे साडेदहा टक्के. ब्रूस यांच्या तपासणीची पहिली तीन मिनिटं जवळजवळ हीच!

भार नाहीसा होतो असं मात्र नाही, तो जागा बदलतो. चढावर घोटा जास्त वाकतो, पोटऱ्या ताणल्या जातात, टाचेमागची जाड शीर, म्हणजे अकिलीस टेंडन, जास्त ओढली जाते, आणि नितंबांचे व मांडीमागचे स्नायू नेटाने कामाला लागतात. हे स्नायू बळकट होणं चांगलंच. पण ज्यांना आधीच टाचदुखी आहे किंवा ती शीर सुजलेली आहे, त्यांना मोठा चढ महागात पडू शकतो. कमरेतून पुढे वाकून चालण्याची सवय लागली तर पाठ धरते. घोट्यापासून सगळं शरीर एका रेषेत किंचित पुढे झुकलं की पुरे.

वजनाचं गणित मी जसं आहे तसं मांडतो, कारण इथेच सर्वात जास्त अतिशयोक्ती होते. आपल्या ७० किलोच्या माणसाचे त्या अर्ध्या तासात सुमारे २८० किलोकॅलरी खर्च होतात; सपाटीवर झाले असते १२५. बसून राहिला असता तरी ३५-४० गेलेच असते, तेव्हा निव्वळ कमाई २४५ च्या आसपास. आठवड्यातून पाच दिवस धरले तर सव्वाबाराशे. शरीरातली एक किलो चरबी म्हणजे ढोबळमानाने ७७०० किलोकॅलरी. खाणं अजिबात वाढलं नाही तर एक किलो उतरायला सहा आठवडे लागतील. आणि खाणं वाढतंच. दमलेलं शरीर भूक वाढवतं, उरलेल्या दिवसात हालचाल कमी करतं. ताटाकडे लक्ष न देता नुसत्या ट्रेडमिलने वजन उतरवणं फार अवघड आहे.

मग चालायचं कशाला? उतरलेलं वजन पुन्हा चढू नये म्हणून. अमेरिकेत १९९४ पासून नॅशनल वेट कंट्रोल रजिस्ट्री नावाची नोंदवही चालवली जाते. किमान साडेतेरा किलो घटवून ते वर्षभर टिकवलेल्यांची नावं तिच्यात असतात. ही माणसं दिवसाला सरासरी तासभर व्यायाम करतात, आणि त्यांचा सर्वात आवडता व्यायाम आहे चालणं. शिवाय उतरलेला प्रत्येक किलो गुडघ्याला चारपटीने कळतो. स्टीफन मेसियर यांनी २००५ मध्ये गुडघ्याची झीज झालेल्या स्थूल माणसांवर केलेल्या अभ्यासात एक किलो वजन घटल्यावर पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी घटलेला आढळला.

‘मंद व्यायामात चरबी जास्त जळते’ हे वाक्यही कानावर येतं. मंद व्यायामात चरबीचं प्रमाण जास्त असतं हे खरं, पण एकूण खर्चच कमी असतो. अंगावरची चरबी ठरते ती दिवसभराच्या जमाखर्चावर.

गेली काही वर्षं १२-३-३० हा प्रकार गाजतो आहे: १२ टक्के चढ, ताशी ३ मैल, ३० मिनिटं. सूत्रात घातलं तर ८.३ मेट येतात. ब्रूस तपासणीचा दुसरा टप्पा ७ मेटचा, तिसरा १० मेटचा. त्या दोन्हींच्या मधे तब्बल अर्धा तास. तिथे डॉक्टर एका टप्प्यात तीनच मिनिटं ठेवतात आणि डोळा हृदयालेखावर असतो. ज्याची कमाल क्षमताच ९ मेट आहे त्याच्यासाठी १२-३-३० हा जवळजवळ सगळा दम काढणारा व्यायाम आहे. व्यायामाची सवय नसलेल्याने तो पहिल्याच दिवशी करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. चालताना छातीत दडपण वाटत असेल, हृदयाचा किंवा रक्तदाबाचा त्रास असेल, तर आधी डॉक्टरांना विचारावं.

सुरुवात २-३ टक्क्यांपासून करा. वेग असा ठेवा की वाक्य पूर्ण बोलता येईल, पण गाणं म्हणता येणार नाही. आठवडा-दोन आठवड्यांनी एकेक टक्का वाढवा. हृदय लवकर सरावतं, पोटऱ्या आणि टाचेमागची शीर उशिरा, म्हणून दमाचं न ऐकता त्यांचं ऐका. मोठा चढ सलग झेपत नसेल तर दोन मिनिटं ८ टक्के, दोन मिनिटं २ टक्के असं आलटूनपालटून चाला. आणि संपवताना थेट थांबायचं बटण दाबू नका. चालताना पोटऱ्यांचे स्नायू पायांतलं रक्त वर ढकलत असतात. ते एकदम थांबले की रक्त खालीच साचतं आणि भोवळ येते. चढ शून्यावर आणून चार-पाच मिनिटं सावकाश चाला, मग उतरा.