‘अँक्शस’ म्हणजे केवळ चिंताग्रस्त नव्हे
इंग्रजीतील ‘अँक्शस’ हे विशेषण केवळ धास्तावलेल्या मनासाठी वापरावे, उत्सुकतेसाठी मात्र ‘ईगर’च लिहावे, हा नियम शंभराहून अधिक वर्षे सांगितला जात असला, तरी तो भाषेच्या प्रत्यक्ष वापराशी जुळत नाही. अमेरिकन लेखक अँब्रोज बिअर्स यांनी १९०९ मध्ये ‘अँक्शस टू गो’ ही रचना चुकीची ठरवली; पण ‘अँक्शस टू प्लीज’ असा प्रयोग स्कॉटिश कवी रॉबर्ट ब्लेअर यांच्या १७४३ मधील कवितेतच आढळतो. शिवाय दोन्ही शब्दांची छटा एक नाही: निकाल कळावा म्हणून ‘अँक्शस’ असलेल्या विद्यार्थ्याला ओढ असते आणि पोटात गोळाही आलेला असतो, तर सहलीला निघालेले मूल निव्वळ ‘ईगर’ असते. हा फरक नेमका टिपणारे वाक्य शिक्षकांनी लाल शाईने खोडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. पुढे ‘अबाउट’ आले, की मात्र अर्थ काळजीचाच होतो.