दयामरण (भारतीय कायदा व वैद्यकीय नीती)

दयामरण : असाध्य रोगाने वा इजेने मरणपंथाला लागलेल्या, किंवा शुद्धीवर येण्याची आशा न उरलेल्या रुग्णाच्या हितासाठी वैद्यकाने मृत्यू घडवून आणणे वा तो अडवून न धरणे. याचे तीन प्रकार मानतात : वैद्यकाने स्वतः प्राणघातक औषध देणे (सक्रिय), वैद्यकाने औषध लिहून देणे व रुग्णाने ते आपल्या हाताने घेणे (वैद्यसाहाय्यित), आणि जीवरक्षक उपचार सुरू न करणे किंवा चालू असलेले काढून घेणे (निष्क्रिय). भारतात यांपैकी फक्त तिसरा प्रकार वैध आहे, तोही ठरवून दिलेल्या कार्यपद्धतीनेच.

परदेशांत, अमेरिकेच्या ओरेगन राज्यातील वैद्यसाहाय्यित मृत्यूचा कायदा १९९४ मध्ये संमत होऊन १९९७ मध्ये अमलात आला. नेदरलँड्स व बेल्जियम यांनी २००२ मध्ये, तर कॅनडाने २०१६ मध्ये सक्रिय प्रकारासही मान्यता दिली. स्वित्झर्लंडच्या दंडसंहितेचे कलम ११५ फक्त स्वार्थी हेतूने केलेल्या साहाय्यास शिक्षा सांगते. तेथील सारी व्यवस्था या एका कलमाच्या मोकळ्या जागेत वाढली आहे.

न्यायालयीन परंपरा : मुंबई उच्च न्यायालयाने मारुती श्रीपती दुबल प्रकरणात (१९८६, काही विधिवृत्तांतांत १९८७) आत्महत्येच्या प्रयत्नास शिक्षा सांगणारे भारतीय दंडसंहितेचे कलम ३०९ घटनाबाह्य ठरवले. सर्वोच्च न्यायालयाच्या द्विसदस्य पीठाने १९९४ मध्ये पी. रथिनम प्रकरणात तोच निष्कर्ष काढला. मात्र ग्यान कौर प्रकरणात (१९९६) पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तो रद्द केला : जगण्याच्या हक्कात मरण्याचा हक्क येत नाही.

पुढचा सारा वाद या ग्यान कौर निकालाच्या वाचनाभोवती फिरतो. मूळ प्रकरण सुनेच्या आत्महत्येस साहाय्य केल्याबद्दल झालेल्या शिक्षेचे होते. दयामरणाचा प्रश्न न्यायालयापुढे थेट नव्हताच. तरीही निकालपत्रात दोन गोष्टी आल्या. एक, सन्मानाने जगण्याच्या हक्कात नैसर्गिक मृत्यूची प्रक्रिया सुरू झाल्यानंतरच्या सन्माननीय मरणाचाही अंतर्भाव होऊ शकतो. दुसरी, इंग्लंडच्या लॉर्ड्‌स सभागृहाच्या एअरडेल विरुद्ध ब्लँड (१९९३) या निकालाचा उल्लेख. हिल्सबरो फुटबॉल मैदानावरील चेंगराचेंगरीनंतर सतत बेशुद्धावस्थेत असलेल्या तरुणाचे नळीवाटे दिले जाणारे अन्न थांबवण्यास त्या निकालाने परवानगी दिली होती.

अरुणा शानबाग प्रकरणात (७ मार्च २०११) न्या. मार्कंडेय काटजू व न्या. ग्यानसुधा मिश्रा यांनी ग्यान कौर पीठाने एअरडेल निकालाला संमती दिली होती असे गृहीत धरले, आणि त्या पायावर निष्क्रिय दयामरणास उच्च न्यायालयाच्या पूर्वपरवानगीची अट घालून मान्यता दिली. परळच्या के. ई. एम. रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग २७ नोव्हेंबर १९७३ च्या हल्ल्यात मेंदूचा प्राणवायू तुटल्याने जवळजवळ चार दशके अंथरुणाला खिळून होत्या. याचिका पत्रकार-लेखिका पिंकी विराणी यांची होती. पण ‘निकटमित्र’ (रुग्णाच्या वतीने न्यायालयापुढे बोलणारी व्यक्ती) म्हणून निर्णयाचा अधिकार शानबाग यांची शुश्रूषा करणाऱ्या रुग्णालयातील कर्मचाऱ्यांचा आहे असे ठरले, आणि त्यांचा विरोध असल्याने अन्न थांबवण्याची विनंती फेटाळली गेली. शानबाग १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियाने वारल्या.

२०११ चे हे गृहीतक चुकीचे होते. ग्यान कौर पीठाने एअरडेलचा केवळ उल्लेख केला होता, शिक्कामोर्तब नव्हे. ही विसंगती २०१४ मध्ये त्रिसदस्य पीठाने दाखवली आणि प्रश्न घटनापीठाकडे गेला. कॉमन कॉज या संस्थेच्या प्रकरणात (९ मार्च २०१८) सरन्यायाधीश दीपक मिश्रा यांच्या अध्यक्षतेखालील पाच न्यायमूर्तींनी जुना पाया बाजूला ठेवून जगण्याचा हक्क देणाऱ्या घटनेच्या अनुच्छेद २१ मधील स्वायत्तता, खासगीपणा व प्रतिष्ठा यांवरून तोच निष्कर्ष नव्याने उभा केला. काही भाष्यकार २०११ च्याच निकालाला या कायद्याचा उगम मानतात. कालक्रमाने ते बरोबर असले, तरी आजचे बंधनकारक तत्त्व २०१८ चेच मानणे अधिक सयुक्तिक आहे.

नैतिक भेद : मारणे आणि मरू देणे यांतील अंतर कायद्याने मानले, पण तत्त्वचिंतकांत त्यावर एकमत नाही. एअरडेल निकालात पीठातील न्यायाधीश लॉर्ड मस्टिल यांनीही हा भेद नैतिकदृष्ट्या तकलादू असल्याची कबुली दिली होती. वैद्यकीय व्यवहारात मात्र हा भेद टिकतो, कारण नको असलेला उपचार नाकारणे हा प्रत्येक सज्ञान रुग्णाचा जुनाच हक्क आहे. घातक औषध मागण्याचा तसा हक्क नाही. वेदना शमवण्यासाठी मॉर्फीन दिल्याने आयुष्य किंचित घटले तरी हेतू शमनाचा असल्याने ते दयामरण ठरत नाही. ही गोष्ट न समजल्याने कित्येक मरणोन्मुख रुग्ण विनाकारण तळमळत राहतात.

सध्याची कार्यपद्धती : २०१८ ची पद्धत इतकी अवजड होती की ती जवळपास वापरातच आली नाही. जिल्हाधिकाऱ्याने मंडळ नेमायचे, प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याने रुग्णाला प्रत्यक्ष भेटायचे, तज्ज्ञांना वीस वर्षांचा अनुभव हवा, असे त्यात होते. २४ जानेवारी २०२३ रोजी न्या. के. एम. जोसेफ यांच्या पीठाने ती सुटसुटीत केली.

पूर्वनिर्देशपत्र (लिव्हिंग विल) सज्ञान व शुद्धीत असलेल्या कोणालाही करता येते. त्यावर दोन साक्षीदारांच्या, शक्यतो त्रयस्थांच्या, सह्या लागतात आणि ते नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यापुढे साक्षांकित करावे लागते. आपल्या वतीने संमती देणाऱ्या एक वा अधिक व्यक्तींची नावे त्यात असतात. एक प्रत महापालिका, नगरपालिका वा पंचायतीने नेमलेल्या अभिरक्षकाकडे (अशी पत्रे जपून ठेवणाऱ्या अधिकाऱ्याकडे) जाते. निर्देशपत्र केव्हाही लेखी रद्द करता येते. दोन असतील तर नंतरचे ग्राह्य.

रुग्ण निर्णयक्षम असेपर्यंत हे पत्र लागू होत नाही. ती क्षमता गेल्यावर आणि बरे होण्याची आशा नसल्यावर उपचार करणारा डॉक्टर पत्राची सत्यता तपासतो. मग रुग्णालय प्राथमिक मंडळ बसवते : तो डॉक्टर व किमान पाच वर्षे अनुभवाचे दोन विषयतज्ज्ञ. त्यांचे मत अनुकूल असेल तर दुय्यम मंडळ बसते. त्यात जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याने सुचवलेला एक नोंदणीकृत डॉक्टर व आणखी दोन तज्ज्ञ असतात. पहिल्या मंडळातील कोणी चालत नाही. दोन्ही मते शक्यतो ४८ तासांत यावीत. उपचार थांबवण्यापूर्वी न्यायदंडाधिकाऱ्यास कळवायचे असते. त्याच्या मंजुरीची वाट पाहायची नसते. निर्देशपत्र नसल्यास जवळच्या नातेवाइकांच्या लेखी संमतीने हीच वाट आहे. मंडळाने नकार दिल्यास उच्च न्यायालयात जाता येते.

प्रत्यक्ष रुग्णशय्येपाशी क्रम महत्त्वाचा. स्नायू शिथिल करणारे औषध चालू असेल तर त्याचा अंमल पूर्ण उतरल्याशिवाय श्वसनयंत्र काढत नाहीत, कारण रुग्णाची घुसमट होत असली तरी हालचाल नसल्याने ती बाहेरून दिसत नाही. आधी मॉर्फीनसारखे वेदनाशामक व गुंगीचे औषध देऊन रुग्ण शांत आहे याची खात्री करतात. मग रक्तदाब टिकवणारी औषधे बंद करून यंत्राचा आधार टप्प्याटप्प्याने कमी करतात. मॉनिटरचे गजर आधीच बंद ठेवावेत. नातेवाइकांना घरघरणारा श्वास व श्वासांमधील वाढते अंतर यांची पूर्वकल्पना दिलेली नसेल, तर नेमक्या त्या क्षणी ‘परत लावा’ असा आकांत होतो.

काय बिघडते : निर्देशपत्र कुलूपबंद कपाटात राहते आणि रुग्ण रात्री अडीचला अतिदक्षता विभागात पोहोचतो. ‘मला यंत्रावर ठेवू नका’ एवढेच लिहिलेले असते. न्यूमोनियासाठी दोन दिवस लागणाऱ्या यंत्राचेही काय, हे त्यातून कळत नाही. मजकूर संदिग्ध असेल तर मंडळ तो अमलात आणत नाही, निर्देशपत्र नसल्याप्रमाणे कार्यवाही होते. म्हणून श्वसनयंत्र, डायलिसिस, हृदय बंद पडल्यावरचे पुनरुज्जीवन व नळीवाटे अन्न यांविषयी, कोणत्या अवस्थेत काय नको, हे वेगवेगळे लिहावे. नेमलेल्या व्यक्तीला आपले नाव त्यात आहे हेच ठाऊक नसणे हा दोषही नेहमीचा. मंडळ बसवायची तयारी नसलेल्या रुग्णालयांत ‘वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध’ सही घेऊन रुग्णाला घरी धाडतात. ही सर्वांत क्रूर पळवाट आहे, कारण अशा रुग्णासोबत वेदनाशामकही जात नाही.

महाराष्ट्रात अभिरक्षकांच्या नेमणुका मुंबईचे डॉक्टर निखिल दातार यांच्या जनहित याचिकेनंतर मार्गी लागल्या. गोव्यात २०२४ मध्ये उच्च न्यायालयाचे न्या. महेश सोनक यांनी स्वतःचे निर्देशपत्र करून तेथील व्यवस्थेला सुरुवात करून दिली.

शेजारच्या तरतुदी : संमती असली तरी घातक इंजेक्शन देणे हा सदोष मनुष्यवध, सज्ञान व्यक्तीच्या संमतीमुळे तो खून ठरत नाही, एवढीच सवलत दंडसंहितेच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०१ च्या पाचव्या अपवादात आहे. आत्महत्येस साहाय्य कलम १०८ खाली दंडनीय असून शिक्षा दहा वर्षांपर्यंत आहे. वैद्यसाहाय्यित मृत्यू यातच मोडतो. आत्महत्येच्या प्रयत्नाचे जुने सर्वसाधारण कलम मात्र १ जुलै २०२४ पासून नव्या संहितेत उरलेले नाही. जैनांच्या सल्लेखना वा संथारा या मरणापर्यंत अन्नत्यागाच्या व्रताला राजस्थान उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१५ मध्ये आत्महत्या ठरवले, त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालास स्थगिती दिली. विनायक दामोदर सावरकर (१९६६) व विनोबा भावे (१९८२) यांचा अन्नत्याग प्रायोपवेशनाच्या परंपरेतला; त्यात वैद्यकाची कृती नसल्याने त्याची गणना दयामरणात होत नाही.