न गळणारी ओंबी आणि प्रगतीचा वेग

पिकलेल्या गव्हाची ओंबी हातात धरून झटकली, तरी तिच्यातला दाणा सहसा खाली पडत नाही. तो मोकळा करायला मळणी करावी लागते. यंत्रे येण्याआधी त्यासाठी खळ्यावर तासन्‌तास बैल फिरवावे लागत. शेतकऱ्याला हा गुण इतका अंगवळणी पडला आहे की त्यात काही विशेष आहे, असे त्याला वाटतही नाही. वनस्पतीच्या बाजूने पाहिले तर मात्र हा गुण नसून घातक दोष आहे. पश्चिम आशियातील डोंगरउतारांवर आजही उगवणाऱ्या रानगव्हाची ओंबी पिकली की तिचा मधला दांडा सांध्यासांध्यांवर आपोआप सुटतो आणि दाण्यांचे टोकदार कोश कुसळांसकट जमिनीवर पडतात. ही कुसळे दिवसाच्या कोरड्या हवेत पसरतात, रात्रीच्या दमटपणात जवळ येतात आणि या हालचालीने दाण्याला मातीत ढकलत नेतात. रानगहू स्वतःची पेरणी स्वतःच करतो. आपला गहू ती करू शकत नाही. माणसाने पेरला नाही, तर काही हंगामांत त्याचा मागमूस उरणार नाही.

एका गवताला एवढे परावलंबी व्हायला किती काळ लागला असेल? मानवी प्रगतीच्या वेगाविषयी बोलताना आपण सहसा एक ठरावीक आलेख डोळ्यांसमोर आणतो: लाखो वर्षे जमिनीला चिकटून जाणारी रेषा शेतीच्या शोधापाशी एकदम उभी चढते. ब्रिटनमध्ये काम करणारे ऑस्ट्रेलियन पुरातत्त्वज्ञ गॉर्डन चाइल्ड यांनी १९३०च्या दशकात या टप्प्याला ‘नवाश्मयुगीन क्रांती’ म्हटले आणि तो शब्द पाठ्यपुस्तकांत रुळला. माझ्या मते या आलेखाचा पहिला भाग बराचसा बरोबर आहे, दुसरा मात्र फसवा आहे, आणि तो का फसवा आहे हे ओंबीच सांगते.

आधी पहिला भाग पाहू. दगड फोडून बनवलेली आजवर सापडलेली सर्वांत जुनी हत्यारे केनियातील लोमेक्वी येथील असून त्यांचे वय सुमारे ३३ लाख वर्षे आहे. त्याच देशात तुर्काना सरोवराच्या पश्चिमेला सुमारे १७.६ लाख वर्षांपूर्वीची हातकुऱ्हाड मिळाली: दोन्ही बाजूंनी कपच्या उडवून पाण्याच्या थेंबासारखा आकार दिलेला, तळव्यात नीट बसणारा दगड. भारतात अशी हातकुऱ्हाड प्रथम ओळखली ती रॉबर्ट ब्रूस फूट या भूवैज्ञानिकाने, मद्रासजवळच्या पल्लावरम येथे, ३० मे १८६३ रोजी. त्याच वर्षी त्याने हेरलेल्या अत्तिरमपक्कम या स्थळाचे वय आता सुमारे १५ लाख वर्षे ठरले आहे. तिथेच सुमारे ३.८५ लाख वर्षांपूर्वी हत्यारे घडवण्याची रीत बदललेली दिसते. मोठ्या हातकुऱ्हाडी मागे पडतात आणि आधी गाभ्याचा दगड तयार करून त्यातून हव्या त्या आकाराची पातळ कपची काढण्याचे तंत्र पुढे येते. एक पिढी २५ वर्षांची धरली, तर या दोन तारखांमध्ये सुमारे ४५ हजार पिढ्या होऊन गेल्या. पहिल्या शेतकऱ्यापासून आपल्यापर्यंतच्या पिढ्या पाचशेही भरत नाहीत.

महाराष्ट्रातही अशा हातकुऱ्हाडी विपुल आहेत. नेवाशाजवळ प्रवरेकाठी चिरकी नाल्यावर झालेल्या उत्खननात त्या मोठ्या संख्येने मिळाल्या. एवढ्या प्रदीर्घ काळात आकार फारसा बदलला नाही म्हणून त्या माणसांना मंदबुद्धी ठरवण्याचा मोह होतो, परंतु तो टाळलेला बरा. हातकुऱ्हाड घडवताना प्रत्येक घावाचा कोन आधी ठरवावा लागतो, एक घाव चुकला तर सारा दगड वाया जातो, आणि ही कला कुणी शिकवल्याशिवाय सहजी येत नाही. शिवाय आपल्या हाती फक्त दगड उरले आहेत. जर्मनीतील शोनिंगन येथे १९९०च्या दशकात कोळशाच्या खाणीत काही लाख वर्षांपूर्वीचे घासूनपुसून नीट केलेले लाकडी भाले मिळाले, तेव्हा लाकूड, कातडे आणि दोर यांचे केवढे जग आपल्या नजरेआड कुजून गेले असेल, याची थोडीशी कल्पना आली.

तरीही वेग कमी होता, हे मान्य करावेच लागते. त्याचे पटणारे कारण बुद्धीपेक्षा संख्येत आहे. वीस-पंचवीस माणसांच्या, एकमेकींपासून दूर राहणाऱ्या टोळ्यांत एखाद्याला नवी युक्ती सुचली, तरी ती शिकून घेणारी माणसे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी असत, आणि एका वाईट दुष्काळात किंवा साथीत ती युक्ती माणसांबरोबर संपून जाई. शोध लागणे हे अर्धेच काम आहे. तो टिकणे हे उरलेले अर्धे. माणसे वाढली, टोळ्यांत देवाणघेवाण सुरू झाली, तसे बदल जवळजवळ येऊ लागतात. जळगाव जिल्ह्यातील पाटणे येथे शहामृगाच्या अंड्याच्या कवचावर कोरलेली जाळीदार नक्षी सुमारे २५ हजार वर्षांपूर्वीची आहे. (खानदेशात तेव्हा शहामृग होते, हे वाचून आजही गंमत वाटते.)

शेतीकडे जाणारी वाटही याच सुमारास सुरू झालेली दिसते, पण ती अतिशय रेंगाळत. इस्राएलमधील गॅलिली सरोवराचे पाणी १९८९ साली ओसरले, तेव्हा ओहालो नावाच्या जागी सुमारे २३ हजार वर्षांपूर्वीच्या झोपड्या उघड्या पडल्या. चिखलाने झाकले गेल्यामुळे तिथे शेकडो नव्हे तर हजारोंच्या संख्येने बिया टिकून राहिल्या होत्या; त्यांत रानगहू आणि रानजव होते, आणि ते दळण्याचा दगडी पाटाही होता. म्हणजे धान्य ओळखणे, गोळा करणे, दळणे हे सारे येत असूनही शेती उभी राहायला आणखी दहा-अकरा हजार वर्षे गेली.

यात हवामानाचा वाटा मोठा असावा. हिमयुगात हवामान काही दशकांतच लहरीपणे पालटत असे आणि हवेतला कार्बन डायऑक्साइडही दहा लाख भागांत १९०च्या आसपास होता, त्यामुळे वनस्पतींची वाढ मुळातच कमी असे. सुमारे ११,७०० वर्षांपूर्वी हिमयुग सरले, हवामान स्थिरावले, आणि त्यानंतरच्या काही हजार वर्षांत पश्चिम आशियात गहू-जव, चीनमध्ये भात आणि भरडधान्ये, मेक्सिकोत मका अशी पिके परस्परांशी संबंध नसलेल्या लोकांनी उभी केली. आपली मानवजात किमान ३ लाख वर्षे पृथ्वीवर असताना सर्वांना एकाच सुमारास ही गोष्ट सुचावी, हा अकलेचा योगायोग मानणे कठीण आहे; अडसर बाहेर होता.

शिवाय घाई तरी का असावी? जॅक हार्लन या अमेरिकी कृषिशास्त्रज्ञाने १९६०च्या दशकात आग्नेय तुर्कस्तानात गारगोटीच्या पात्याचा विळा घेऊन स्वतः रानगहू कापून पाहिला. तासाभरात सुमारे एक किलो स्वच्छ दाणा मिळतो, आणि एखादे कुटुंब तीन आठवड्यांत वर्षभर पुरून उरेल इतके धान्य जमवू शकते, असा त्याचा हिशेब निघाला. नांगरट, पेर आणि राखण न करता घर भरत असेल, तर शेती करणे हे शहाणपणाचे काम नव्हतेच.

आता ओंबीकडे परत येऊ. रानगव्हाच्या लाखो रोपांत एखादे रोप जनुकीय बिघाडामुळे न गळणाऱ्या ओंबीचे निघते. जवात तर शेजारशेजारच्या दोन जनुकांपैकी कोणतेही एक बिघडले तरी पुरते, आणि तसे निरनिराळ्या वेळी दोनदा घडलेही. माणूस विळ्याने कापणी करू लागला की गळून गेलेले दाणे रानात राहतात, न गळणारे घरी येतात, आणि घरचेच दाणे पुढच्या वर्षी पेरले तर त्यांचे प्रमाण आपोआप वाढत जाते. मुद्दाम निवड करण्याचीही गरज नसते. गॉर्डन हिलमन आणि स्टुअर्ट डेव्हिस यांनी १९९० साली याचे गणित मांडले, तेव्हा अनुकूल परिस्थितीत सारे पीक बदलायला २० ते २०० वर्षे पुरावीत, असे उत्तर आले. क्रांती या शब्दाला शोभेल असाच हा वेग होता.

हे गणित जमिनीतून निघालेल्या पुराव्याशी ताडून पाहता येते, कारण जळालेल्या दाण्याचा कोश हजारो वर्षे टिकतो आणि त्याच्या बुडाशी दांड्यापासून सुटल्याची खूण राहते. आपोआप गळलेल्या कोशाची खूण गुळगुळीत असते. मळून तोडलेल्याची ओबडधोबड, फाटल्यासारखी. भिंगाखाली अशा खुणा एकेक करून मोजल्या, तेव्हा सीरिया आणि तुर्कस्तानातील सुरुवातीच्या गावांत ओबडधोबड खुणा थोड्या, नंतरच्या गावांत अधिक, आणि त्यांचे स्पष्ट बहुमत व्हायला दोन-तीन हजार वर्षे, असे चित्र दिसले. पूर्व चीनमधील त्यानलुओशान येथे भाताबाबत हाच बदल घडताना सापडला: तीनशे वर्षांत न गळणाऱ्या भाताचे प्रमाण २७ टक्क्यांवरून ३९ टक्क्यांवर गेले.

गणित चुकले नव्हते. माणसे गणिताप्रमाणे वागत नव्हती. दाणे गळून वाया जाऊ नयेत म्हणून ती ओंबी हिरवट असतानाच कापत असावीत, किंवा पिकलेल्या ओंब्या टोपलीत झोडपून घेत असावीत, आणि या दोन्ही रीतींत न गळणाऱ्या रोपाला कसलाच विशेष फायदा मिळत नाही. त्याच शेतात पुन्हा पेरणी केली, तर आधीच गळून पडलेले रानदाणे नव्या पिकाबरोबर उगवतात. पीक बुडाले की बियाण्यासाठी पुन्हा रानातच जावे लागे. आपण गव्हाची जात बदलत आहोत, हे या शंभरएक पिढ्यांतील एकाही शेतकऱ्याला कळले नसेल. प्रत्येकाला आपल्या आजोबांच्या वेळचाच गहू दिसत होता.

या काळातल्या कष्टांची नोंद हाडांत आहे. सीरियातील फरात (युफ्रेटिस) नदीकाठच्या, आता धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या अबू हुरैरा येथील सांगाडे थिया मॉलेसन यांनी तपासले, तेव्हा अनेकींच्या पायांच्या अंगठ्यांचे सांधे झिजलेले, गुडघे आणि कमरेचे मणके ताणलेले आढळले. रोज कित्येक तास पायाची बोटे दुमडून, गुडघे टेकून, पाट्यावर धान्य रगडल्याच्या या खुणा होत्या. प्रगतीच्या आलेखावर हा अंगठा कुठे दाखवायचा, हा प्रश्न मला कधी सुटलेला नाही.

तयार झालेले पीक पुढे सरकले तेही पायी. युरोपात शेतीचा प्रसार सरासरी वर्षाला सुमारे एक किलोमीटर या गतीने झाला. आपल्याकडे ती बलुचिस्तानातील मेहरगड, सिंधूचे खोरे, माळवा असे टप्पे घेत आली आणि पश्चिम महाराष्ट्रात तिची गावे सुमारे चार हजार वर्षांपूर्वीच उभी राहिली. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी असलेले इनामगाव हे त्यांतले सर्वांत बारकाईने खणलेले. हसमुख सांकलिया, मधुकर ढवळीकर आणि डेक्कन कॉलेजमधील त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६८पासून जवळपास दीड दशक तिथे काम केले. इ.स.पू. १६००च्या सुमारास वसलेल्या या गावात मातीच्या भिंतींची ऐसपैस चौकोनी घरे होती, जव हे मुख्य पीक होते, नदीच्या पुराचे पाणी वळवणारा पाट आणि बांध होता, आणि गावप्रमुखाच्या मानल्या गेलेल्या घराला लागून धान्याचे कोठार होते.

इ.स.पू. १०००नंतरच्या थरांत ही चौकोनी घरे नाहीशी होतात आणि त्यांच्या जागी कुडाच्या लहान गोल झोपड्या येतात. धान्य कमी होते, शेळ्यामेंढ्या आणि शिकार यांवरची भिस्त वाढते. हवा कोरडी होत गेल्याने लोक शेती सोडून पुन्हा फिरत्या पशुपालनाकडे वळले, असे ढवळीकरांनी मांडले. कारणांविषयी मतभेद असले, तरी घरांचे चौकोन जाऊन गोल आले, हे जमिनीत स्पष्ट दिसते. त्या झोपड्यांत राहणाऱ्यांना पाट कसा खणावा आणि जव कसा पेरावा, हे त्यांच्या आज्यापणज्यांनी सांगितले असणारच. इ.स.पू. ७००च्या सुमारास तेही निघून गेले आणि इनामगाव ओस पडले.