जुनी बैठक, नवा माणूस : व्यक्तिचित्राची ऑर्डर देण्यापूर्वी

आमच्याकडे येणारे बहुतेक जण मोबाइलमधला फोटो पुढे करतात आणि म्हणतात, "हुबेहूब असंच काढा." हुबेहूब तर तो फोटोच आहे. कॅनव्हासवर त्याहून वेगळं काय मागता येतं, ते कळावं म्हणून हे पत्रक.

व्यक्तिचित्रात चेहऱ्याइतकंच बाकीचंही बोलतं. माणूस कसा बसलाय, उजेड कुठून येतोय, हातात काय आहे, मागे काय दिसतंय. लघुचित्रांत राजा बहुधा एकचश्म, म्हणजे एका बाजूने दिसणारा. डोक्यामागे प्रभावळ, हातात फूल नाहीतर तलवार. १७९०च्या दशकात जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार पुण्यात आला. त्याने सवाई माधवराव आणि नाना फडणवीस तैलरंगात रंगवले. थाट पेशवाईचा, छायाप्रकाश मात्र विलायती. पुढे राजा रविवर्मांनी त्याच विलायती तंत्राने आपल्या देवदेवता उभ्या केल्या. थोडक्यात, आज ज्याला आपण जुनी परंपरा म्हणतो तीही उसनवारी आणि बदल करतच घडली. तुमच्या चित्रात थोडी मोडतोड झाली तर काही बिघडत नाही.

आजचे चित्रकार ही मोडतोड मुद्दाम करतात. अमेरिकेतले केहिंदे वायली यांचं २००५ मधलं चित्र घ्या. जाक-लुई दाविद या फ्रेंच चित्रकाराने रंगवलेला, उधळलेल्या घोड्यावरून आल्प्स ओलांडणारा नेपोलियन अनेकांनी पाहिला असेल. (प्रत्यक्षात तो खेचरावरून गेला होता, पण खेचरावरचा सेनापती कोण रंगवणार?) वायलींनी घोडा तोच ठेवला आणि वर लष्करी छापाचे कपडे घातलेला आजचा कृष्णवर्णीय तरुण बसवला. मूळ चित्रात खालच्या खडकावर बोनापार्ट, हॅनिबल अशी आल्प्स ओलांडणाऱ्या सेनापतींची नावं कोरलेली आहेत. वायलींनी त्यांच्या जोडीला 'विल्यम्स' हे साधं आडनाव लिहिलं. आपल्याकडे छायाचित्रांतून काम करणाऱ्या कलाकार पुष्पमाला एन. यांनी रविवर्मांच्या लक्ष्मीच्या जागी स्वतः उभं राहून फोटो काढून घेतले. तेच कमळ, तीच मुद्रा, पण समोर आजची बाई. मग पाहणाऱ्याला प्रश्न पडतोच, की या चौकटीत आजवर कोणाला जागा मिळाली आणि कोणाला नाही.

साताऱ्यात फेटा आणि तलवार यांची मागणी कधी कमी होत नाही. आम्ही तेही काढून देतो. पण आधी विचारतो, की या माणसाने जन्मभर हातात काय धरलं? मंडईत भाजी विकणाऱ्या एका आजींना आम्ही सरदारी बैठकीत रंगवलं. लोड-तक्के, मागे पडदा, आणि तलवारीच्या जागी तागडी. ऑर्डर नातवाची होती. आजी आधी लाजल्या, मग म्हणाल्या, "तागडीचा काटा तेवढा सरळ काढा."

पार्श्वभूमीचंही तसंच. वायलींनी रंगवलेल्या बराक ओबामांच्या चित्रात मागे नुसती झाडी नाही. शिकागोची शेवंती, हवाईची जाई आणि केनियाशी नातं सांगणारी निळी लिली आहे. आपल्याला तर कास पठार हाताशी आहे. सोनकी, तेरडा, सीतेची आसवं यांची दाट नक्षी साध्या करड्या पडद्यापेक्षा केव्हाही बोलकी. मात्र फुलं चेहऱ्यावर कुरघोडी करणार नाहीत इतकीच घेऊ.

आणखी एक नेहमीची मागणी म्हणजे 'रविवर्मांची ती दिवा घेतलेली बाई'. ते चित्र रविवर्मांचं नाही, सावळाराम हळदणकरांचं आहे. मैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे आणि जलरंगातलं आहे. त्यातली जादू दिव्यापेक्षा बोटांतून झिरपणाऱ्या तांबूस उजेडात आहे. हल्ली आम्ही त्याच पद्धतीने मोबाइलच्या उजेडातली लेकही रंगवतो. हा उजेड निळसर आणि थंड असतो, म्हणून सावल्यांत ऊब भरावी लागते. जमलं तर फार सुंदर दिसतं.

शक्य असेल तर आधी सातारा जिल्ह्यातल्या औंधला जाऊन या. यमाईच्या डोंगरावरचं श्रीभवानी संग्रहालय औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३८ मध्ये उभारलं. लघुचित्रं, रविवर्मा आणि इंग्रज शिल्पकार हेन्री मूर यांचं शिल्प एकाच छपराखाली पाहायला मिळतात. कुठली बैठक, कुठला उजेड आवडला तेवढं आम्हाला सांगा. त्या चित्राची नक्कल आम्ही करत नाही. त्याची मांडणी उचलतो.

फोटोबद्दल. एकाच बाजूने येणाऱ्या खिडकीच्या उजेडात काढलेले दोन-तीन फोटो द्या. फ्लॅश नको, नाक-डोळे सपाट होतात. दिवंगत व्यक्तीचा एकच जुना फोटो असेल तर मूळ प्रत दाखवा, आम्ही तुमच्यासमोर स्कॅन करून लगेच परत देतो. व्यक्ती हयात असेल तर तिला विचारूनच ऑर्डर द्या, विशेषतः पोशाख किंवा थाट बदलायचा असेल तेव्हा. आधी पेन्सिलचा कच्चा आराखडा दाखवतो. रंगकाम सुरू झाल्यावर बैठक बदलता येत नाही. तैलरंग हाताला कोरडा लागला तरी आतून वाळायला महिने लागतात; म्हणून शेवटचं वॉर्निश सहा महिन्यांनी, चित्र परत आणल्यावर, करून देतो. तोवर काच लावू नका आणि ओल्या फडक्याने पुसू नका. व्हॉट्सॲपवर फोटो पाठवणार असाल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर बारकावे उडतात.