‘मिस्टर काळजी घेतात’: विथड्रॉवल आणि ‘साधन’ या शब्दाचा गुंता

पात्र जोडप्यांची नोंदवही घेऊन आशाताई दारात येते आणि विचारते, “ताई, काही साधन वापरता का?” घरातली बाई मान हलवते. “नाही, मिस्टरच काळजी घेतात.” ‘काळजी घेतात’ म्हणजे काय, हे दोघींनाही ठाऊक असते. वीर्य पडायच्या आत पुरुष बाहेर येतो. यालाच विथड्रॉवल म्हणतात. पण तांबी नाही, गोळ्या नाहीत, निरोध नाही, ऑपरेशनही नाही, मग रकान्यात लिहायचे काय? तिथे ‘नाही’ पडते.

ही पद्धत फार जुनी आहे. बायबलच्या पहिल्याच ग्रंथात ओनानच्या गोष्टीत ती येते. एकोणिसाव्या शतकात युरोपातला जननदर उतरू लागला, तेव्हा रबरी साधने सगळ्यांच्या आवाक्यात नव्हती. त्या उतारात विथड्रॉवलचा वाटा मोठा होता, असे लोकसंख्येचे अभ्यासक मानतात. हा दाखला देऊन ‘मग ती चालतेच की’ असे म्हणणारे भेटतात. देशाची सरासरी सहा मुलांवरून चारवर येणे वेगळे आणि या महिन्यात एका बाईची पाळी वेळेवर येणे वेगळे. आलेखाला चालते ते घराला चालेलच असे नाही.

आपल्याकडची गोष्ट मात्र ‘साधन’ या शब्दाभोवतीच फिरली. १९२१ साली मुंबईत र. धों. कर्वे या गणिताच्या प्राध्यापकाने संततिनियमनाचे केंद्र काढले आणि त्यापायी नोकरी गमावली, हे मराठी वाचकाला सांगायला नको. त्यांच्या विरोधकांचा राग मूल कमी होण्यावर जितका होता, त्याहून जास्त साधनावर होता. साधन हाती आले की संयम सुटेल, ही भीती. १९३५च्या डिसेंबरात वर्ध्याला मार्गारेट सँगर ही अमेरिकन कार्यकर्ती याच विषयावर गांधीजींशी बोलायला आली, तेव्हाही त्यांनी कृत्रिम साधनांना ठाम नकार दिला. महिन्यातल्या ‘सुरक्षित’ दिवसांबद्दल मात्र ते तितके कडवे राहिले नाहीत.

हीच धारणा स्वतंत्र भारताच्या सरकारी कार्यक्रमातही उतरली. १९५२ साली कुटुंबनियोजन अधिकृत झाले, तेव्हा पहिला मोठा प्रयोग साधनाविना होता. म्हैसूर राज्यातल्या रामनगरम आणि दिल्लीतल्या लोदी कॉलनीत बायकांना मण्यांच्या माळा वाटल्या गेल्या. रोज एक मणी सरकवायचा, ठरावीक मणी आले की नवऱ्यापासून लांब राहायचे. मणी सरकवला म्हणजे काम झाले, असे काहींना वाटल्याचे किस्से तेव्हापासून सांगितले जातात. प्रयोग फसला. त्यातून सरकारने धडा घेतला तो असा की लोकांच्या हिशेबावर काही सोडायचे नाही, वस्तू हातात द्यायची. १९६५मध्ये गर्भाशयात बसवायचा लूप आला, १९६८मध्ये निरोध, तीन नग पंधरा पैशांना. त्यानंतर शिबिरे आणि ऑपरेशने. आणीबाणीत १९७६-७७ या एका वर्षात ८० लाखांहून अधिक नसबंद्या झाल्या. तीन मुलांनंतर सक्ती करणारे विधेयक महाराष्ट्राच्याच विधिमंडळाने संमत केले होते. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते कागदावर राहिले. १९७७मध्ये ‘नियोजन’ पुसून ‘कल्याण’ लिहिले गेले, पुरुष नसबंदी जवळजवळ संपली आणि सगळा भार बायकांच्या ऑपरेशनवर आला.

या साऱ्या काळात विथड्रॉवलला कोणी विरोध केला नाही आणि कोणी ते शिकवलेही नाही. त्याचे पोस्टर नाही, त्याचे उद्दिष्ट नाही, त्याचा साठा मोजावा लागत नाही. माझ्या मते घोळ इथेच झाला. जे साधन नाही ते दुर्लक्षिले गेले आणि त्याची जोखीमही कोणी सांगितली नाही. भिंतीवर कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण आला, पण ‘बाहेर काढणे किती भरवशाचे’ हे कुठल्याच भिंतीवर आले नाही.

आता त्या भरवशाचे आकडे. प्रत्येक वेळी अचूक जमले तर वर्षभरात १०० जोडप्यांपैकी सुमारे ४ जणींना दिवस जातात. प्रत्यक्षात लोक जसे वापरतात तसे धरले तर सुमारे २०. निरोधचे हेच आकडे २ आणि १३, आणि काहीच न वापरता ८५. इथे दोन गैरसमज हटकून होतात. पहिला, ‘म्हणजे दर वेळी ८० टक्के सुरक्षित’. तसे नाही, हा हिशेब वर्षाचा आहे, एका रात्रीचा नाही. दुसरा म्हणजे फक्त ४चा आकडा लक्षात ठेवणे. ४ आणि २० यांच्यातली दरी पुरुषाच्या त्या एका क्षणाच्या भानावर अवलंबून आहे आणि तिची किंमत बाई मोजते. निरोध फाटला तर निदान दिसतो. इथे थोडा उशीर झाला की नाही, हे खात्रीने सांगणारे कोणी नसते.

वीर्याआधी झिरपणाऱ्या चिकट स्रावात शुक्राणू असतात का, हा वाद अजून मिटलेला नाही. २००३च्या एका छोट्या अभ्यासात ते सापडले नव्हते आणि त्यावर बरेच जण विसंबले. मग २०११मध्ये ब्रिटनमध्ये २७ पुरुषांचे नमुने तपासले गेले, त्यांतल्या ११ जणांच्या स्रावात शुक्राणू होते आणि १० जणांचे हलते होते. २०१६मध्ये थायलंडमध्ये ४२ पैकी ७ जणांत हलते शुक्राणू मिळाले. म्हणजे काही पुरुषांत असतात, काहींत नसतात, आणि आपण कोणत्या गटात आहोत हे घरबसल्या कळत नाही. शिवाय शुक्राणू बाईच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत टिकू शकतात, त्यामुळे ‘आज मधला दिवस नाही’ हा दिलासाही कच्चाच.

मोजणीकडे वळू. २०१५-१६च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पारंपरिक पद्धती वापरणारे सुमारे ६ टक्के होते, २०१९-२१मध्ये ते सुमारे १० टक्के झाले. या १० टक्क्यांत विथड्रॉवल आणि दिवस मोजणे दोन्ही येतात. शिकलेल्या शहरी जोडप्यांतही या पद्धती चांगल्याच रुजल्या आहेत. गोळ्यांचे दुष्परिणाम नकोत, तांबी नको, म्हणून त्या समजून-उमजून निवडल्या जातात. महाराष्ट्रात मात्र हा आकडा अडीच टक्क्यांच्या आसपासच दिसतो. एक कारण खरेच आहे, इथे निम्म्या विवाहित बायकांचे ऑपरेशन झालेले असते. पण उरलेल्यांतल्या किती जणींनी ‘साधन नाही’ म्हणून हात झटकले असतील, ही शंका मला सोडत नाही. पाहणीत प्रत्येक पद्धतीचे वर्णन वाचून दाखवतात, नोंदवहीत तसे नसते.

कायद्याने मात्र हा शब्द मोकळा ठेवला होता. महाराष्ट्राच्या तत्कालीन आरोग्यमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या शिफारशींवरून १९७१चा गर्भपात कायदा आला. त्यात ‘साधन किंवा पद्धत’ निकामी ठरून राहिलेला गर्भ, असे शब्द आहेत. साधनांची यादी नाही, म्हणून ‘पद्धत’ या शब्दात विथड्रॉवल बसते, असे माझे वाचन. अट होती ती ‘विवाहित स्त्री किंवा तिचा पती’ यांची. २०२१च्या दुरुस्तीने तिथे ‘कोणतीही स्त्री किंवा तिचा जोडीदार’ आले. ‘साधन किंवा पद्धत’ मात्र जसेच्या तसे राहिले. तरी केसपेपरवर ‘काय वापरत होता?’ या प्रश्नाला ‘काही नाही’ हे उत्तर आले, की पद्धत फसली ही गोष्ट कागदावर येतच नाही.

२०१५ साली देशात सुमारे १ कोटी ५६ लाख गर्भपात झाल्याचा एक अंदाज आहे आणि त्यांतले जवळपास तीन चतुर्थांश दवाखान्याबाहेर, गोळ्यांवर. त्या गोळ्या वेगळ्या, आणि २००५पासून चिठ्ठीशिवाय मिळणारी तातडीची गर्भनिरोधक गोळी वेगळी. मेडिकलच्या काउंटरवर या दोन्हींची गल्लत रोज होते. तातडीची गोळी गर्भ पाडत नाही, ती बीज बाहेर पडणे लांबवते. ‘जरा उशीर झाला’ असे वाटले तर ती ७२ तासांच्या आत, जितकी लवकर तितकी बरी. पाच दिवसांच्या आत डॉक्टरकडून तांबी बसवून घेतली, तर ती गोळीहून खात्रीची.