एकच एमएसआय, दोन नोंदी: कॉन्फिगरेशन मॅनेजरमधील पॅकेज आणि ॲप्लिकेशन

मायक्रोसॉफ्टच्या कॉन्फिगरेशन मॅनेजरमधून एखादे सॉफ्टवेअर कार्यालयातल्या सगळ्या संगणकांवर बसवायचे, तर आधी त्याची नोंद साइटच्या, म्हणजे त्या कार्यालयातल्या कॉन्फिगरेशन मॅनेजरच्या मांडणीच्या, डेटाबेसमध्ये करावी लागते. ही नोंद पॅकेज म्हणून करता येते, तशीच ॲप्लिकेशन म्हणूनही. एकच एमएसआय फाइल (विंडोजवर सॉफ्टवेअर बसवणारी इन्स्टॉलर फाइल) दोन्ही प्रकारे इम्पोर्ट होते, दोन्ही वेळा विझार्ड, म्हणजे पायरीपायरीने माहिती भरून घेणारी खिडकी, विनातक्रार पूर्ण होतो आणि सॉफ्टवेअरही बसते. त्यामुळे नवख्याला ही एकाच गोष्टीची दोन नावे वाटली, तर नवल नाही.

पॅकेज ही सिस्टिम्स मॅनेजमेंट सर्व्हरच्या, म्हणजे कॉन्फिगरेशन मॅनेजरच्या पूर्वावताराच्या, काळापासून चालत आलेली पद्धत आहे, तर ॲप्लिकेशन २०१२ च्या आवृत्तीत आले. तयार डेफिनिशनवरून पॅकेज बनवताना एमएसआय दाखवली, की सहा प्रोग्राम आपोआप तयार होतात: संपूर्ण संगणकासाठी तीन आणि एकेका वापरकर्त्यासाठी तीन, म्हणजे प्रत्येकी समोर बसून इन्स्टॉल करण्याचा, कोणाला न विचारता करण्याचा आणि काढून टाकण्याचा. यातला प्रत्येक प्रोग्राम म्हणजे मुळात चालवायची एक आज्ञा असते. ती चालली का आणि कोणता एक्झिट कोड (यश की अपयश हे सांगणारा आकडा) घेऊन परतली, एवढेच क्लायंट, म्हणजे प्रत्येक संगणकावरचा कॉन्फिगरेशन मॅनेजरचा घटक, विंडोजच्या रजिस्ट्री या सेटिंगच्या साठ्यात लिहून ठेवतो. नंतर वापरकर्त्याने कंट्रोल पॅनेलमधून ते सॉफ्टवेअर काढून टाकले, तरी पॅकेजच्या अहवालात यशाची नोंद तशीच राहते, कारण आज्ञा यशस्वी झाली होती हे अजूनही खरेच असते.

ॲप्लिकेशनचा रोख आज्ञेवर नसून संगणकाच्या स्थितीवर असतो. इम्पोर्ट करताना विझार्ड एमएसआयमधून नाव आणि प्रॉडक्ट कोड (त्या सॉफ्टवेअरचा ओळख क्रमांक) वाचतो, इन्स्टॉल व अनइन्स्टॉल करण्याच्या आज्ञा स्वतः लिहितो आणि त्याच प्रॉडक्ट कोडवरून ‘हे सॉफ्टवेअर बसलेले आहे का’ हे ठरवणारा डिटेक्शनचा नियम तयार करतो. इन्स्टॉल करण्याआधी हा नियम तपासला जातो, इन्स्टॉल झाल्यावर पुन्हा तपासला जातो आणि त्यानंतरही ठरावीक काळाने, मूळ सेटिंगनुसार दर सात दिवसांनी, तपासणी होत राहते. डिप्लॉयमेंट, म्हणजे ते सॉफ्टवेअर ठरावीक संगणकांना देण्याचा आदेश, सक्तीचे असेल, तर वापरकर्त्याने काढलेले सॉफ्टवेअर पुढच्या तपासणीत परत येते. डेटाबेसमध्ये हे सगळे वर्णन एक्सएमएल या मजकुराच्या रूपात साठते आणि प्रत्येक बदलाबरोबर नवे रिव्हिजन, म्हणजे वर्णनाची नवी प्रत, तयार होते, त्यामुळे चुकलेल्या बदलावरून मागे फिरता येते. पॅकेजला ही सोय नाही.

मात्र विझार्डने लिहिलेला डिटेक्शनचा नियम डोळे झाकून स्वीकारू नये, असे माझे ठाम मत आहे. काही सॉफ्टवेअर स्वतःच अद्ययावत होतात आणि नव्या आवृत्तीचा प्रॉडक्ट कोड वेगळा असतो. अशा वेळी जुना कोड शोधणाऱ्या नियमाला सॉफ्टवेअर ‘नाही’ असे दिसते आणि सक्तीचे डिप्लॉयमेंट जुनी आवृत्ती पुन्हा बसवायला निघते. तिथे मुख्य फाइलची आवृत्ती अमुक किंवा त्यापुढची आहे का, एवढे पाहणारा नियम बरा. ईएक्सई इन्स्टॉलरच्या बाबतीत तर प्रश्नच नाही: विझार्डला त्यातून काही वाचता येत नसल्याने नियम आपल्यालाच लिहावा लागतो.

फाइलींच्या बाबतीत दोघांत फारसा फरक नाही. डेटाबेसमध्ये जाते ती केवळ माहिती. प्रत्यक्ष फाइली कंटेंट लायब्ररी या साठ्यात आणि तिथून डिस्ट्रिब्यूशन पॉइंटवर, म्हणजे संगणक जिथून फाइली उतरवून घेतात त्या सर्व्हरवर, पोहोचतात. जाता जाता एक गोष्ट सांगायला हवी: ॲप्लिकेशन बनवताना एमएसआय ज्या फोल्डरमध्ये असेल, त्यातल्या सगळ्या फाइली आणि उपफोल्डर कंटेंटमध्ये ओढले जातात, म्हणून सामायिक फोल्डरमध्ये दहा इन्स्टॉलर एकत्र ठेवले असतील, तर आधी वेगळे फोल्डर करावे.

ॲप्लिकेशनमध्ये एवढ्या सोयी असल्या, म्हणून पॅकेज टाकाऊ ठरत नाही. तात्पुरत्या फाइली साफ करणारी किंवा महिन्यातून एकदा चालणारी स्क्रिप्ट मागे ‘बसलेले’ असे काहीच ठेवत नाही. तिच्यासाठी डिटेक्शनचा नियम ओढूनताणून रचण्यापेक्षा पॅकेज करून पुन्हा चालवण्याचे वेळापत्रक देणे सरळ पडते. जुनी पॅकेजेस ॲप्लिकेशनमध्ये बदलायची असतील, तर त्यासाठी पॅकेज कन्व्हर्जन मॅनेजर हे साधन आहे. तो प्रत्येक पॅकेज तपासून ते आपोआप बदलता येईल, हाताने बदलावे लागेल की बदलण्याजोगेच नाही, हे सांगतो. आणि ज्या पॅकेजमधून डिटेक्शनचा नियम काढता येत नाही, ते हाताने करायच्या कामांत जाते.